पटावरचा समतोल
(सुरत येथे शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शतकपूर्ती साजरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर खेळाचा विषय निघावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. संतवाङ्मय, नाट्यपरंपरा, इतिहाससंशोधन असे विषय अशा प्रसंगी शोभून दिसतात. तथापि ज्या भाषेत डाव, पट, शह, मात, प्यादे, सोंगटी हे शब्द राजकारणापासून संसारापर्यंत सर्वत्र चालतात, त्या भाषेच्या ग्रंथालयाला खेळ परका मानण्याचे कारण नाही. शिवाय आजच्या विषयातला खेळ पुस्तकांच्याच पोटी जन्मला, पुस्तके उघडी ठेवूनच तो खेळला जातो आणि चार-सहा माणसांनी एका बैठकीत मिळून रचलेली गोष्ट एवढेच त्याचे फलित असते. इंग्रजीत त्याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. मराठीत 'भूमिका-खेळ' हा शब्द त्याला पुरेसा आहे.

खेळाची रीत थोडक्यात अशी. बैठकीतला एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो : रात्र आहे, समोर पडका वाडा आहे, आतून उजेड येतो आहे. पात्रे काय करणार ते खेळाडू बोलून दाखवतात. ज्याचा निकाल उघड आहे ते तसेच घडते. ज्याचा निकाल अनिश्चित आहे तेथे फासे पडतात. नाटकाशी या खेळाचे नाते आहे, पण संहिता आधी लिहिलेली नसते. सोंगट्यांच्या खेळाशीही नाते आहे, पण अखेरीस कोणी जिंकत नाही वा हरत नाही. यातील प्रत्येक पात्र कोणत्या तरी वर्गाचे असते. योद्धा, मांत्रिक, पुरोहित आणि चोर हे त्यांतले जुने चार वर्ग. योद्ध्याजवळ बळ असते, मांत्रिकाजवळ विद्या, पुरोहिताजवळ जखमा भरून काढण्याची शक्ती आणि चोराजवळ हातचलाखी.

प्रश्न उभा राहतो तो येथे. एकाच्या हाती तलवार आणि दुसऱ्याच्या मुखी आकाशातून अग्नी ओढून आणणारा मंत्र. या दोघांनी एका पंगतीला कसे बसावे? संध्याकाळचे चार तास मांत्रिकच प्रत्येक संकट निवारू लागला, तर योद्ध्याची भूमिका घेतलेला माणूस केवळ प्रेक्षक होतो. पहिल्या बैठकीत तो हसून घेतो, दुसऱ्या बैठकीत गप्प बसतो आणि तिसऱ्या बैठकीला येत नाही. भूमिका-खेळांच्या जगात पात्रवर्गांच्या समतोलाविषयी पन्नास वर्षे जो वाद चालला आहे, त्याच्या मुळाशी हा रिकामा झालेला पाट आहे. आकडेमोड त्या मागाहून येते.

चतुरंगाचा वारसा

हा प्रश्न नवा नाही, आणि परदेशीही नाही. आपापल्या वेगळ्या गतीची पात्रे एका पटावर मांडण्याची कल्पना प्रथम भारतातच रुजली. चतुरंग या नावातच हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे आहेत. प्रत्येक अंगाची चाल निराळी, म्हणून प्रत्येकाचे मोल निराळे. हे मोल ठरवावे कसे, याचा विचारही जुना आहे. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरुनीने भारताविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात चार जणांनी फाशांवर खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णन आहे. पणाची रक्कम वाटून घेताना राजाचे ५, हत्तीचे ४, घोड्याचे ३, रथाचे २ आणि प्याद्याचा १ असा हिशेब त्यात दिलेला आहे. मात्र स्वतःचा राजा राखून उरलेले तिन्ही राजे जिंकणाऱ्याला ५४ मिळतात, आणि हा आकडा गणिताने निघालेला नसून सर्वांनी मान्य केल्यामुळे रूढ झाला आहे, असे अल्बेरुनी स्पष्ट सांगतो. स्वतः गणितज्ञ असलेल्या माणसाने केलेली ही नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. खेळातले मोल काही अंशी हिशेबाचे असते आणि काही अंशी बैठकीतल्या संमतीचे असते.

अरबी बुद्धिबळपटूंनी हा हिशेब अधिक बारकाईने केला. अस्‌-सूली या दहाव्या शतकातील पंडिताच्या कोष्टकात हत्ती (म्हणजे अरबी 'रुख') एक दिरहमाचा, घोडा दोन तृतीयांशाचा, आणि प्यादी मात्र निरनिराळ्या किमतीची आहेत. पटाच्या मध्यावरचे प्यादे पाव दिरहमाचे, तर कडेचे प्यादे अवघ्या अष्टमांशाचे. चाल तीच, रूप तेच, पण जागा वेगळी म्हणून मोल वेगळे. आणखी एक उदाहरण त्याच पटावरचे. आज मराठीत ज्याला उंट म्हणतात, तो त्या काळी हत्ती होता आणि तिरप्या दिशेने एक घर ओलांडून नेमक्या दुसऱ्या घरात उडी घेई. ही चाल अशी विचित्र की चौसष्ट घरांपैकी केवळ आठ घरे त्याच्या वाट्याला येत, आणि एका बाजूच्या हत्तीची दुसऱ्या बाजूच्या हत्तीशी जन्मात गाठ पडत नसे. तरीही शतकानुशतके लोक तो डाव आवडीने खेळले. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला आणि उंटाला आजची लांब पल्ल्याची गती मिळाली, डाव वेगवान झाला, आणि ती रीत हळूहळू भारतातही आली. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ संस्कृतातून इंग्रजीत येऊन प्रसिद्ध झाला, तो युरोपीय पद्धतीशी जुळवून घेतलेला होता. परंतु जुन्या देशी डावातला एक संकेत विसरू नये. तेथे प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई. वजिराने मात करणे सोपे. जे सर्वांत दुबळे, त्याच्या हातून शेवट घडवून आणण्यात खेळणाऱ्याची परीक्षा होती.

आपल्याकडचे दोन खेळ याहून बोलके आहेत. पहिला वाघबकरीचा. ओसरीवर खडूने रेघा ओढून मुले तो खेळत आली. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी घेऊन बकरी खातो. बकरीला कोणालाच खाता येत नाही, तिला फक्त वाट अडवता येते. सगळ्या वाघांची कोंडी झाली की बकऱ्या जिंकल्या. बळाच्या कोणत्याही कोष्टकात बकरी वाघाच्या बरोबरीची ठरणार नाही, तरी डाव अटीतटीचा होतो, कारण दोन्ही बाजूंना जे साधायचे आहे तेच मुळी वेगळे आहे. दुसरा खेळ सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, अशी एकूण १२० पाने. राजा आणि प्रधान सर्वत्र श्रेष्ठ. पण त्यांच्या खालची पाने पाच रंगांत दश्शीकडून उतरत येतात आणि उरलेल्या पाच रंगांत एक्क्याकडून. एका रंगात जे पान कवडीमोल, ते दुसऱ्या रंगात प्रधानाच्या पाठोपाठ बसते. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडतो, रात्री कृष्णाच्या. श्रेष्ठत्व एकाच जागी गोठू नये याची ही तजवीज कोणा अज्ञात कारागिराने वा खेळाडूने करून ठेवलेली आहे.

पटावरून बैठकीत

चतुरंगाचा एक फाटा पुढे रणखेळांकडे वळला. १७८० मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे हेलविग या गणिताच्या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट कित्येक पटींनी मोठा करून त्यावर नद्या, डोंगर, गावे मांडली. त्यानंतर प्रशियात राइस्विट्झ पितापुत्रांनी त्याला नवे रूप दिले, आणि मुलाने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेले नियम प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारले. या रणखेळात एक नवा माणूस बैठकीत आला, तो म्हणजे पंच. दोन्ही बाजू आपापले हुकूम त्याला देत; कोणाला काय दिसते, कोणाचा किती नाश झाला, हे तो कोष्टके पाहून सांगे. कोष्टके वाढत गेली आणि खेळ जड झाला. तेव्हा १८७६ मध्ये फर्दी द्यू व्हर्नुआ या सेनानीने असे मांडले की, अनुभवी पंचाने कोष्टके बाजूला ठेवून आपल्या जाणकारीने निकाल द्यावा. नियमाचा न्याय की माणसाचा न्याय, हा भूमिका-खेळांतला वाद तेथेच सुरू झाला.

१९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' लिहून हा खेळ घराघरांतल्या खेळण्यातल्या शिपायांपर्यंत आणला. अमेरिकेत त्याची मंडळे निघाली. १९६९ मध्ये मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी अशाच एका मंडळासाठी नेपोलियनच्या काळातले प्रशियातील एक कल्पित गाव मांडले. त्या गावाचे नाव ब्राउनस्टाइन. गावावर दोन सैन्ये चालून येत होती, म्हणजे खरे खेळाडू दोन. बाकीच्यांनी करायचे काय, म्हणून वेस्लींनी कोणाला नगराध्यक्ष केले, कोणाला पेढीवाला, कोणाला विद्यापीठाचा कुलगुरू. सैन्ये राहिली बाजूला आणि ही मंडळी कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन कारस्थाने करू लागली. वेस्लींना वाटले, खेळ पार फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा कधी, म्हणून विचारले. ज्यांच्याजवळ एकही शिपाई नव्हता, त्यांनीच ती संध्याकाळ रंगवली होती. या गावाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

त्या बैठकीतल्यांपैकी डेव्ह आर्नेसन यांनी 'ब्लॅकमूर' नावाचे अद्भुत राज्य रचले. त्यात एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच्च बनले आणि इतके प्रबळ झाले की कोणाला आवरेना. तेव्हा त्याला उतारा म्हणून पिशाच्चाला पळवून लावणारा पुरोहित खेळात आणला गेला. पात्रवर्गांपैकी एक वर्ग असा समतोलाच्या गरजेतूनच जन्मला. आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ च्या आरंभी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा पहिला प्रकाशित भूमिका-खेळ बाजारात आणला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रती. त्यात तीन वर्ग होते : योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. चोराची भर १९७५ च्या पुरवणीत पडली.

समतोल साधण्याचे प्रयत्न

आरंभीच्या नियमांत समतोल काळावर सोडलेला होता. पहिल्या पायरीवरच्या मांत्रिकाला दिवसाकाठी एकच मंत्र. तो म्हटला की विसरला. हाती खंजिराखेरीज शस्त्र नाही, अंगात चिलखत नाही. योद्ध्याला सर्व शस्त्रे, सर्व चिलखते मोकळी. पण मांत्रिक जगला-वाचला आणि पायऱ्या चढत गेला, तर तो एका मंत्राने सैन्य जाळी. योद्धा पायरीगणिक थोडा थोडा वाढे, मांत्रिक दुणावत जाई. यावर गायगॅक्स यांनी योजलेला उपाय किमतीचा होता. दुसऱ्या पायरीवर जाण्यासाठी लागणारे अनुभवाचे गुण पुरोहिताला १,५००, योद्ध्याला २,००० आणि मांत्रिकाला २,५००. चोर आला तो १,२०० वर. ज्याचे भविष्य उज्ज्वल, त्याची वाट लांब, असा हा हिशेब.

यात एक मोठी खोट होती. समतोल आयुष्यभराच्या बेरजेत साधलेला होता, आणि माणसे बसतात ती एका संध्याकाळपुरती. आज दुबळा असलेल्या मांत्रिकाला 'वर्षभराने तुझे दिवस येतील' असे सांगणे, आणि वर्षभराने योद्ध्याला 'तुझे दिवस होऊन गेले' असे सांगणे, यात न्याय कागदावर पुरा होतो. पाट मात्र रिकामा पडतोच.

चोराच्या आगमनाने दुसरी गुंतागुंत दाखवून दिली. तोवर अंधारात दबकत जाणे, कुलूप चाचपणे हे कोणीही करून पाहत असे. एका वर्गाच्या नावे हे कसब लिहिले गेले आणि ते इतरांचे राहिले नाही. कोणाला अधिकार देताना तो कोणाकडून काढून घेतला जातो, हे नियम लिहिणाऱ्याच्या लक्षात सहसा उशिरा येते.

तिसरी गोष्ट मराठी श्रोत्याला अधिक सलणारी आहे. मूळ नियमांत मनुष्याखेरीज बुटका, लघुमानव, वनदेवतांच्या कुळातला एल्फ अशीही पात्रे घेता येत. त्यांना जन्मजात काही शक्ती असत. म्हणून समतोलासाठी त्यांच्या वाढीला जन्मावरूनच मर्यादा घातली होती. बुटका योद्धा सहाव्या पायरीपलीकडे जाणार नाही, लघुमानव चौथ्या पायरीवर थांबेल. खेळाडू कितीही कुशल असो, पात्राचे कुळ आडवे येई. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मनुष्यपात्र कोणी घेईनासे होईल अशी त्यांना भीती होती. तरीही 'सर्वांच्या हितासाठी' म्हणून कोणाच्या जन्मावर झाकण ठेवण्याची ही रीत ज्या समाजाने शतकानुशतके भोगली, त्या समाजाला तिचे स्वरूप समजावून सांगावे लागत नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा गेली. २०२४ च्या सुधारित नियमपुस्तकात 'वंश' हा शब्दही गेला, आणि कोणाचे बळ-बुद्धी किती वाढावी हे पात्राच्या कुळावरून न ठरता त्याच्या पूर्वायुष्यावरून ठरू लागले.

तिसऱ्या आवृत्तीने सर्व वर्गांना पायऱ्यांची एकच किंमत लावली. दिसायला हे अधिक न्याय्य. पण मांत्रिकाची लांब वाट तेवढी आखूड झाली आणि त्याचे वर्चस्व उलट वाढले. म्हणून २००८ च्या चौथ्या आवृत्तीत मुळापासून फेरबदल केले गेले. प्रत्येक वर्गाला चारांपैकी एक काम नेमून दिले : कोणी आघात झेलावा, कोणी आघात करावा, कोणी साथीदारांना उभे करावे, कोणी रणांगण ताब्यात ठेवावे. आणि सर्वांच्या शक्ती एकाच साच्यात बसवल्या. काही केव्हाही वापरायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. आकड्यांचा विचार करता इतका काटेकोर समतोल पूर्वी कधी साधला नव्हता. तरीही अनेक जुन्या खेळाडूंची तक्रार अशी की, तलवार चालवताना आणि मंत्र म्हणताना हाताला काही फरकच जाणवत नाही. तराजूची दोन्ही पारडी बरोबर आली, पण त्यांत ठेवलेल्या वस्तू एकसारख्या झाल्या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने यातले बरेच मागे घेतले आणि वर्गावर्गांतला वेगळेपणा परत आणला. त्याबरोबर जुना वादही परत आला.

या सगळ्या खटाटोपातून निघणारा निष्कर्ष असा की, समतोल आणि समानता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वांना सारखे करून समतोल येत नाही, आणि आयुष्याची बेरीज सारखी करूनही येत नाही. ज्या प्रसंगाची गाठ एका पात्रावाचून सुटत नाही, असा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला आला म्हणजे समतोल साधतो. असे प्रसंग कोष्टकात नसतात. ते सूत्रधाराला रचावे लागतात, आणि बैठकीतल्या इतरांना त्या वेळी थोडे मागे सरकावे लागते.

सुरत, जानेवारी १६६४

हे तत्त्व सुरतेत पारखून पाहण्यासारखे दुसरे उदाहरण नाही. वेस्लींचे ब्राउनस्टाइन कल्पित होते. चालून येणाऱ्या सैन्याच्या वाटेवरचे खरे गाव म्हणजे १६६४ च्या जानेवारीतले हे शहर. मोगल साम्राज्याचे मोठे बंदर, मक्केच्या यात्रेकरूंचे द्वार, हुंड्यांची पेठ. एखाद्या सूत्रधाराने हा प्रसंग भूमिका-खेळासाठी मांडायचे ठरवले, तर पात्रे तयारच आहेत.

पहिले पात्र स्वाराचे. शिवाजी महाराजांच्या घोडदळाची झेप, आणि तिच्या आधी शहराची खडान्‌खडा माहिती काढणारा हेर. परंपरा त्या संदर्भात बहिर्जी नाईकांचे नाव सांगते. दुसरे पात्र शहराचा सुभेदार इनायतखान. त्याच्याजवळ किल्ला आहे, तोफा आहेत. पण तो किल्ल्यात जाऊन बसला, आणि किल्ल्यावरून सुटलेल्या गोळ्यांनी हल्लेखोरांपेक्षा शहरातल्या घरांचेच अधिक नुकसान झाले. त्याने बोलणीच्या मिषाने पाठवलेल्या तरुणाने महाराजांवर खंजीर उगारला आणि प्रसंग अधिकच चिघळला. तिसरे पात्र इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन. सुवाळीच्या जहाजांवरून खलाशी आणून त्याने आपली वखार आणि शेजारपाजार राखला. चौथे पात्र वीरजी व्होरा, त्या काळच्या सर्वांत धनाढ्य सावकारांपैकी एक. त्याचा वाडा लुटला गेला.

आता हे चौघे एका बैठकीला बसले आहेत अशी कल्पना करावी. तलवारीच्या मापाने वर्ग ठरवले, तर सगळी संध्याकाळ स्वाराची. सुभेदार कोष्टकात बलवान दिसेल, पण त्याने दार लावून घेतले की तो पटावरून उठलाच; केवळ शक्ती दिल्याने पात्र उभे राहत नाही, याचा हा पुरावा. आणि सावकाराची भूमिका ज्याच्या वाट्याला आली, त्याने काय करायचे? चौथ्या आवृत्तीच्या रीतीने त्याच्याही हाती स्वाराच्या तोडीचे शस्त्र देता येईल. पण मग तो सावकार राहणार नाही. पहिल्या आवृत्तीच्या रीतीने 'पुढे तुझे दिवस येतील' असे सांगता येईल. पण त्याचा वाडा आज जळतो आहे.

तिसरा मार्ग इतिहासानेच दाखवला आहे. सावकाराजवळ जे असते ते दुसऱ्या कोणाजवळ नसते : पत, ओळखी, समुद्रावर असलेला माल, दूरदूरच्या पेढ्यांवर चालणारी हुंडी. वाडा जळतो, पत जळत नाही. लुटीनंतर बादशहाने शहराच्या व्यापाऱ्यांना एका वर्षाची जकात माफ केली, इंग्रज-डच व्यापाऱ्यांनाही सवलत दिली. कारण तलवारीने जे गेले ते तलवारीने परत येणार नव्हते. १६७० मध्ये सुरतेवर पुन्हा स्वारी झाली, याचाही अर्थ हाच की अवघ्या सहा वर्षांत हे शहर पुन्हा संपत्तीने भरले होते. ते कोणत्या वर्गाच्या बळावर भरले, हे सांगायला नको. तेव्हा चांगला सूत्रधार आपला खेळ पाचव्या दिवशी, स्वार निघून गेल्यावर संपवणार नाही. तो सहाव्या दिवसाची सकाळ मांडील : राखेत उभे असलेले शहर, बंदरात खोळंबलेली गलबते, आणि अवघ्या बैठकीचे डोळे सावकाराकडे.

स्वाराची भूमिका घेणाऱ्यालाही यात कमीपणा नाही. मराठी वाचकाने हा प्रसंग बहुधा धावत्या घोड्यावरून पाहिला आहे, सुरती माणसाने तो दुकानाच्या दारातून. दोघांच्या आठवणी खऱ्या आहेत. एका साम्राज्याशी झुंजणाऱ्या नव्या राज्याची गरज घोड्यावरून दिसते. दारातून दिसतो तो धूर. भूमिका-खेळाचे वैशिष्ट्य असे की, या खेळात मराठी मुलाला व्होराची पागोटी आणि गुजराती मुलाला स्वाराचा लगाम देता येतो. वाघबकरीच्या डावात मुले बाजू बदलतात तसेच हे. बाजू बदलून खेळलेला मुलगा दुसऱ्याच्या पात्राला दुबळे म्हणताना दोनदा विचार करतो.

या पटावर पाचवे पात्र आहे, आणि ते कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाही. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज व्यापारी त्या दिवसांत मराठ्यांच्या कैदेत सापडला. शस्त्र नाही, पैसा नाही, सुटण्याची खात्री नाही. कोणत्याही कोष्टकात त्याचे बळ शून्य. पण छावणीत काय चालले आहे ते त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले, आणि सुटून आल्यावर सांगितले. वखारीतला पाद्री एस्केलियट याने तेव्हाच या घटनांचे सविस्तर पत्र इंग्लंडात सर टॉमस ब्राउन यांना लिहिले. त्या पाच दिवसांविषयी आज जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग वखारींतल्या अशा कागदांवर उभा आहे. स्वाराचा घोडा गेला, सुभेदाराचा दरारा गेला, सावकाराचा वाडाही गेला. कैद्याने पाहिलेले आणि पाद्र्याने लिहिलेले तेवढे उरले. एखाद्या सूत्रधाराने या कैद्याचे पात्र बैठकीतल्या सर्वांत अबोल मुलाला द्यावे आणि अखेरीस बाकीच्यांना सांगावे की, जे घडले ते आता हा सांगेल.

शंभर वर्षे चाललेल्या ग्रंथालयाला हे पात्र ओळखीचे वाटावे. परभाषी शहरात मराठी पुस्तकांची कपाटे राखणाऱ्यांनी कोणत्याच डावात वजिराची चाल केलेली नसते. त्यांनी जपलेल्या पानांवाचून मात्र पुढच्यांचा डाव मांडला जात नाही. येत्या काळात येथील बालविभागातल्या सतरंजीवर एखाद्या सुटीच्या दुपारी चार-सहा मुले फासे आणि कोरे कागद घेऊन बसली, कोणी स्वार, कोणी सावकार, कोणी कैदी झाले, आणि खेळ संपल्यावर त्यांतल्या एकाने खरे काय घडले ते पाहण्यासाठी इतिहासाचे कपाट उघडायला सांगितले, तर या विषयाचे सार्थक झाले असे म्हणता येईल. तोवर सूत्रधाराने एवढेच पाहावे की, सतरंजीवरचे कोणतेही मूल खेळ संपण्याआधी कंटाळून उठून जाऊ नये.